२१ ऑक्टोबर पहिल्यांदाच पाळताय? पोलीस हुतात्म्यांच्या स्मरणाची तयारी अशी करा

२१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन असतो. त्या सकाळी प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात परेड उभी राहते, वर्षभरात कर्तव्यावर प्राण गेलेल्यांची नावं वाचली जातात, बंदुकीच्या फैरी झडतात. खातं हे दरवर्षी न चुकता करतं. मैदानात खात्याबाहेरची माणसं मात्र फार थोडी दिसतात. हल्ली शाळा, तरुण मंडळं, ग्रामपंचायती, गृहनिर्माण सोसायट्या यांनाही या दिवशी काही करावंसं वाटतं, ही चांगली गोष्ट आहे. पण सुरुवात कुठून करायची हे कुणी सांगत नाही. मग फ्लेक्स लागतो, पुढारी येतात, मेणबत्त्या पेटतात, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याचं आडनावसुद्धा फलकावर चुकलेलं असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या गावातलं, तालुक्यातलं किंवा वॉर्डातलं एकच नाव घ्या. ते पूर्ण आणि अचूक घ्या, घरच्यांना विचारून घ्या, आणि दरवर्षी घ्या. खालची सगळी पावलं त्यासाठीच आहेत. तयारीला सप्टेंबरच्या सुरुवातीला लागलात तर घाई होणार नाही.

पहिलं पाऊल: या दिवशी काय घडलं ते समजून घ्या

भाषण करणाऱ्याला, सूत्रसंचालकाला आणि शाळेतल्या मुलांना ही हकीगत माहीत असायलाच हवी. १९५९ साली भारत-तिबेट सीमेवर लडाखच्या भागात गस्तीचं काम पोलिसांकडे होतं. हॉट स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी केंद्रीय राखीव पोलीस दलाची माणसं होती. २० ऑक्टोबरला पुढच्या वाटेच्या टेहळणीसाठी तिथून तीन तुकड्या निघाल्या. दोन तुकड्या दुपारपर्यंत परतल्या. तिसरीतले दोन शिपाई आणि एक हमाल परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, करम सिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली शोधपथक निघालं. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी वरून गोळीबार केला, हातबॉम्ब टाकले. आडोसा जवळजवळ नव्हताच. दहा पोलीस मारले गेले. त्यांचे मृतदेह चीनने तब्बल तीन आठवड्यांनी, १३ नोव्हेंबरला परत दिले आणि हॉट स्प्रिंग्जलाच पोलीस इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

पुढे जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या वार्षिक परिषदेत ठरलं, की २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळायचा आणि त्या वर्षात कर्तव्यावर गेलेल्या प्रत्येक पोलिसाला त्या दिवशी मानवंदना द्यायची. हॉट स्प्रिंग्जच्या त्या स्मारकाला भेट देण्यासाठी देशातल्या वेगवेगळ्या पोलीस दलांतली पथकं आजही जातात.

मुलांना हे सांगताना एक गोष्ट जरूर सांगा. हरवलेल्या तीन सोबत्यांना शोधायला गेलेले पोलीस त्या दिवशी मेले. ही गोष्ट मुलांच्या लक्षात राहते.

दुसरं पाऊल: आधी खात्याची परेड पाहा

स्वतः कार्यक्रम करण्याआधी जिल्हा मुख्यालयातली किंवा आयुक्तालयातली परेड पाहून या. पहिल्या वर्षी एवढंच केलंत तरी पुरे. मुंबईत ही परेड नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर होते. इतरत्र पोलीस मुख्यालयाच्या कवायत मैदानावर किंवा तिथल्या स्मृतिस्तंभापाशी होते. चार-सहा दिवस आधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन वेळ विचारा. बहुतेक ठिकाणी सकाळी लवकर असते. शाळेची मुलं न्यायची असतील तर मुख्यालयाच्या राखीव पोलीस निरीक्षकांना मुख्याध्यापकांचं पत्र द्या. मैदानाची आणि परेडची जबाबदारी त्यांच्याकडे असते. जागा कुठे, बस कुठे लावायची, कधीपर्यंत पोचायचं, हे सगळं तेच सांगतात. ओळखपत्र जवळ असू द्या.

तिथे काय दिसतं? सशस्त्र तुकड्या उभ्या राहतात. देशभरातल्या त्या वर्षीच्या हुतात्म्यांची यादी वाचली जाते. आधीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर गेलेल्यांची ही यादी असते. अलीकडच्या वर्षांत ती साधारण दोनशेच्या आगेमागे असते. राज्यामागून राज्य, दलामागून दल, हुद्दा आणि नाव. मग 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो आणि बंदुकांची तोंडं जमिनीकडे वळतात. बिगुलावर लास्ट पोस्ट ही अखेरच्या निरोपाची धून वाजते, स्तब्धता पाळतात, हवेत तीन फैरी झाडतात, पुष्पचक्र वाहतात. क्रम जिल्ह्याजिल्ह्यात थोडा मागेपुढे होतो.

यादीचं वाचन लांबतं. नवख्या माणसाला तिथेच कंटाळा येण्याची भीती असते, आणि तिथेच सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. जम्मू-काश्मीर, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहार, सीमा सुरक्षा दल, रेल्वे सुरक्षा दल... ऐकता ऐकता लक्षात येतं की बहुतेक नावांपुढे शिपाई किंवा हवालदार हा हुद्दा आहे. महाराष्ट्राची नावं आली की कान देऊन ऐका आणि लिहून घ्या.

वागण्याचे नियम साधे आहेत. फोन बंद. नावं वाचली जात असताना चित्रीकरण नको. उभं राहायचं, ज्येष्ठांनी बसलं तर चालतं. टाळ्या कधीच वाजवायच्या नाहीत, फैरींनंतरही नाहीत. कपडे साधे. अधिकारी आणि कुटुंबीय यांनी फुलं वाहिल्यानंतर बऱ्याच ठिकाणी नागरिकांनाही पुढे सोडतात. तेव्हा घाई करू नका, आधी घरच्यांना जाऊ द्या.

तिसरं पाऊल: आपल्या भागातलं नाव शोधा

२६/११ची नावं सगळ्यांना पाठ आहेत. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे. चौघांनाही २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ती घ्यावीतच. पण त्याच रात्री शशांक शिंदे, प्रकाश मोरे, बापूसाहेब दुरगुडे, बाळासाहेब भोसले, अरुण चित्ते, अंबादास पवार, जयवंत पाटील, योगेश पाटील, राहुल शिंदे हेही गेले. ही नावं किती जणांना सांगता येतील? तुमच्या तालुक्यातही असं एखादं नाव असेल, जे पोलीस लाइनच्या बाहेर कुणी घेत नाही.

शोधण्याच्या जागा सांगतो. पहिली, मुख्यालयातला स्मृतिस्तंभ आणि त्यावर कोरलेली यादी. दुसरी, तुमचं पोलीस ठाणं. ठाणे अंमलदारापेक्षा तिथल्या एखाद्या जुन्या हवालदाराला किंवा निवृत्त सहायक फौजदाराला विचारा, त्यांना माणसं माहीत असतात. तिसरी, पोलीस अधीक्षक कार्यालयाची कल्याण शाखा. चौथी, गावची शाळा. जो मुलगा पुढे पोलीस झाला तो कुठल्या बाकावर बसायचा हे सांगणारे गुरुजी कधी कधी अजून असतात.

मृत्यूंची प्रतवारी लावू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. चकमकीत गोळी लागून गेला तो मोठा हुतात्मा आणि बंदोबस्तात ट्रकने उडवलं तो लहान, असं काही नसतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस हवालदार विलास शिंदे यांनी बिनाहेल्मेट दुचाकीस्वाराला अडवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यावर प्रहार झाला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. हेल्मेट घाला म्हणणं हे त्यांचं कर्तव्य होतं. कोविडच्या लाटांत महाराष्ट्राचे शेकडो पोलीस गेले, कारण आपण घरात होतो आणि ते नाक्यावर होते. पुरात माणसं काढताना, आरोपीला घेऊन जाताना, रात्रपाळीच्या गस्तीत गेलेले असतात. तुमच्या भागातलं नाव यांपैकी कुठलंही असू शकतं.

आणि पोलिसांसोबत गेलेल्या इतरांना वगळू नका. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला माओवाद्यांनी भूसुरुंग स्फोट केला. त्यात शीघ्र कृती दलाचे १५ जवान गेले आणि त्यांची गाडी चालवणारा खासगी चालकही गेला. त्याच्या अंगावर वर्दी नव्हती, पण त्याचं नाव त्या पंधरांच्या सोबतच घ्यायला हवं. गडचिरोलीकरांना अशा तारखा खूप आहेत. २००९ च्या एकाच वर्षात मर्केगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस गेले. तिथल्या शाळेने नाव शोधायचं म्हटलं तर शोधावं लागत नाही.

नाव मिळालं की एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा: पूर्ण नाव (वडिलांच्या नावासह), हुद्दा, बक्कल नंबर, नेमणुकीचं ठिकाण, जन्मगाव, मृत्यूची तारीख आणि जागा, मिळालेलं पदक. हुद्दा त्या वेळचाच लिहा. पोलीस नाईक हे पद आता नव्या रचनेत राहिलेलं नाही, पण तो माणूस नाईक म्हणून गेला असेल तर नाईकच लिहायचं. बऱ्याचदा मरणोत्तर बढती मिळालेली असते, तेव्हा घरच्यांना आणि ठाण्याला दोघांनाही विचारून घ्या. प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणांहून पडताळा. वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणात नाव चुकलेलं असतं आणि मग तीच चूक फलकावर दगडात कोरली जाते.

चौथं पाऊल: घरी जा

यात गडबड करू नका. बाकीचं सगळं चुकलं तरी निभावतं, हे चुकलं तर कार्यक्रम न केलेला बरा.

एकदम दारात उभे राहू नका. ओळखीच्या माणसातर्फे निरोप द्या. त्यांच्यासोबत नोकरी केलेला एखादा सहकारी यासाठी सगळ्यात योग्य, नाहीतर सरपंच, शाळेतल्या बाई, शेजारी. दोघे-तिघेच जा. हार, शाल, कॅमेरा घेऊन जाऊ नका. पहिली भेट फक्त विचारण्याची: "२१ ऑक्टोबरला साहेबांची आठवण म्हणून शाळेत छोटा कार्यक्रम करावा असं मनात आहे. तुम्हाला चालेल का?" हा प्रश्न विचारून थांबा. "नको" म्हणाले तर आभार मानून परत या. काही घरांना दरवर्षी जखम उघडी करायची नसते, आणि तो त्यांचा अधिकार आहे. नाव यादीत वाचा, त्यापलीकडे जाऊ नका.

"हो" म्हणाले तर बोलू द्या. मृत्यूच्या वेळचे तपशील आपणहून विचारू नयेत. कसे होते, काय आवडायचं, गावाकडे आले की काय करायचे, हे विचारा. लोक यावर भरभरून बोलतात, कारण त्यांना हे कुणी विचारत नाही. येणारा प्रत्येक जण शेवटच्या दिवसाबद्दलच विचारतो. मदत किती मिळाली, नोकरी कुणाला लागली, हे प्रश्न तर चुकूनही काढू नका.

एक अवघड गोष्ट उघडच सांगायला हवी. पुष्कळ घरांत मुलगा गेल्यावर सून आणि सासू-सासरे वेगळे राहू लागलेले असतात. पेन्शन एकीकडे, आई-वडील दुसरीकडे. कधी वीरपत्नीने पुन्हा लग्न केलेलं असतं. गावात यावर बोलणारी तोंडं असतातच. तुम्ही त्यात पडू नका. आई-वडिलांना वेगळं आमंत्रण द्या, पत्नीला वेगळं द्या, दोन्हीकडे स्वतः जाऊन द्या, आणि खुर्च्या दोन्हींसाठी ठेवा. मंचावर एकच खुर्ची ठेवून कुणाला बोलवायचं हा प्रश्न त्यांच्यावर ढकलणं हा अपमान आहे. पुनर्विवाह झालेल्या पत्नीलाही विचारा. ती त्याच्या मुलांची आई आहे.

पाहुणे म्हणून बोलावल्यावर त्या बाईंचा मान कसा राखायचा, हेही आधी ठरवा. स्वागताला बायकांना हळदकुंकू लावण्याची रीत असते, आणि वीरपत्नीपाशी आल्यावर तबक घेतलेली मुलगी अडखळते. भर सभेत तो क्षण फार क्रूर असतो. हेरवाड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. तुमच्या गावाने तो ठराव केला असेल तर हाच तो पाळायचा दिवस. केला नसेल तरी सगळ्यांचं स्वागत एकसारखं करा: प्रत्येकाला फूल किंवा प्रत्येकाला पुस्तक. आणि दीपप्रज्वलन करायचंच असेल तर पहिली वात वीरमातेने किंवा वीरपत्नीने लावावी. तेही आधी विचारून, कारण सगळ्यांनाच पुढे यायला आवडत नाही.

फोटो कुठला लावायचा हेही घरच्यांनी ठरवावं. तुम्हाला वर्दीतला हवा असतो. आईला कधी कधी लग्नातला आवडतो. मुलांनी मंचावर यायचं की नाही, हे मुलांना विचारा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला माईकपुढे उभं करून "बाबांबद्दल सांग" म्हणू नका.

पाचवं पाऊल: कार्यक्रम छोटा ठेवा

अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. सकाळची परेड संपल्यावर दुपारी किंवा संध्याकाळी ठेवलात तर पोलीसही येऊ शकतात. मैदानात किंवा रस्त्यावर मांडव घालणार असाल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते, लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची. शाळेच्या सभागृहात घेतला तर यातलं बरंच टळतं, आणि माझ्या मते शाळा हीच सगळ्यात योग्य जागा आहे.

क्रम असा ठेवता येईल. हॉट स्प्रिंग्जची हकीगत, एखाद्या विद्यार्थ्याने वाचलेली, पाच मिनिटांत. मग महाराष्ट्रातल्या त्या वर्षीच्या हुतात्म्यांची नावं, सावकाश, हुद्द्यासह. नावं वाचणाऱ्याने आदल्या दिवशी मोठ्याने सराव करावा. मग तुमच्या गावातल्या माणसाबद्दल एकच भाषण, शक्यतो सोबत नोकरी केलेल्या सहकाऱ्याचं. घरच्यांना बोलायचं असेल तर त्यानंतर. दोन मिनिटं स्तब्धता. पुष्पार्पण, आधी कुटुंब, मग पोलीस, मग बाकी सगळे. राष्ट्रगीत. संपलं.

प्रमुख पाहुण्यांसाठी कुटुंबाला ताटकळत ठेवू नका. आमदार, नगराध्यक्ष उशिरा येणार असतील तर कार्यक्रम वेळेवर सुरू करा आणि त्यांना आल्यावर पुष्पार्पणाला बोलवा. पहिली रांग कुटुंबाची. फ्लेक्स लावलाच तर त्यावर एकच चेहरा असावा. बाकीच्यांचे 'शुभेच्छुक' म्हणून फोटो लावणं या दिवशी अजिबात शोभत नाही, आणि हे मंडळाच्या अध्यक्षांना स्पष्ट सांगायची हिंमत ठेवा.

तिरंग्याबाबत विशेष काळजी घ्या. हुतात्म्याच्या पार्थिवावर तिरंगा असतो म्हणून लोक फोटोच्या टेबलावरही तो अंथरतात. ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामातल्या अंत्यसंस्कारांखेरीज राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरता येत नाही. टेबलावर साधं पांढरं कापड घाला. ध्वज अर्ध्यावर उतरवण्याचा निर्णयही सरकारचा असतो, मंडळाने तो करू नये. फैरी, शोक शस्त्र हे प्रकार पोलिसांचेच राहू द्या. मुलांच्या हातात लाकडी बंदुका देऊन त्याची नक्कल करवू नका. बिगुलवादक हवा असेल तर मुख्यालयाला पत्र देऊन विचारा. मोकळा असेल तर पाठवतात, नसेल तर शांतता पुरेशी आहे. फटाके, डीजे, देशभक्तिपर गाण्यांवर नाच, यांतलं काहीही नको.

२१ ऑक्टोबर बहुतेकदा दिवाळीच्या आसपास येतो. २०२५ मध्ये तर लक्ष्मीपूजन नेमकं त्याच दिवशी आलं. शाळांना सुट्टी असते, माणसं गावी गेलेली असतात. अशा वर्षी मोठा कार्यक्रम सुट्टीआधी उरकून घ्या. २१ तारखेला चार जण स्मृतिस्तंभापाशी जाऊन फुलं वाहून या. कुटुंबाची पहिली दिवाळी असेल तर त्या घरी फराळ होत नाही. शेजारच्या घरांनी मिळून डबे नेऊन देण्याची आपली जुनी रीत आहे, ती अशा वेळी पाळा.

सहावं पाऊल: कायमची आठवण, पण सांभाळता येईल एवढीच

कार्यक्रम झाला की कुणीतरी पुतळ्याचा विषय काढतो. पुतळ्याला शासकीय मंजुरी लागते, जागा लागते, आणि मुख्य म्हणजे नंतर रोज त्याची झाडलोट लागते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे, कारण त्याच जागी नाकाबंदीवर असताना, हाती लाठी घेऊन, त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली आणि तो जिवंत सापडला. ती जागाच स्मारक आहे. मुंबईला गेलात तर मुलांना तिथे थांबवून हे सांगा. पण गावागावात पुतळा झालाच पाहिजे असं नाही.

स्मरणाच्या किती वेगवेगळ्या वाटा असू शकतात पाहा. २६/११ला ताज हॉटेलात प्राण गमावलेले राज्य राखीव पोलीस दलाचे राहुल शिंदे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचे. त्यांच्या गावाने आपलं नावच राहुलनगर करून घेतलं. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी २०२१ मध्ये ओंबळे यांच्यावरून 'तुकारामी' हे नाव दिलं. दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचं उद्घाटन झालं. तिथे तीस फूट उंचीची, २३८ टन वजनाची अखंड काळी ग्रॅनाइटची शिळा आहे आणि नावांची लांबच लांब भिंत आहे. उद्घाटनावेळी त्या भिंतीवर स्वातंत्र्यापासूनच्या ३४,८४४ जणांची नावं होती. दिल्लीला सहल गेली तर तिथे अर्धा दिवस ठेवा. आवारातच पोलीस संग्रहालयही आहे. सोमवार मात्र टाळा. आपल्या माणसाचं नाव त्या भिंतीवर शोधून काढणं हा मुलांसाठी फार चांगला उपक्रम आहे.

गावपातळीवर मला सगळ्यात पटतो तो शाळेतला उपाय. ग्रंथालयातलं एक कपाट त्यांच्या नावाने, किंवा त्यांच्या शाळेत त्यांच्या इयत्तेतल्या गरजू मुलासाठी दरवर्षी पुस्तकं आणि परीक्षा शुल्क. वर्गाच्या भिंतीवर छोटी पाटी. पाटीवर विशेषणांची गर्दी नको. "पोलीस हवालदार अमुक अमुक. या शाळेचे विद्यार्थी, सन अमुक ते अमुक. अमुक तारखेला अमुक ठिकाणी कर्तव्य बजावताना वीरमरण." एवढं वाचून मुलगा बाकीचं स्वतः विचारतो. पाटी कोरायला देण्याआधी मजकूर घरच्यांच्या हातात देऊन वाचून घ्या.

सातवं पाऊल: पैशांची मदत करायची असेल तर

केंद्रीय गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' हे संकेतस्थळ २०१७ पासून आहे. त्यावरून हुतात्म्याच्या कुटुंबाच्या खात्यात थेट रक्कम जमा करता येते. पण ते केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांसारख्या केंद्रीय दलांसाठी आहे. आपल्या ठाण्यातल्या हवालदाराचं नाव तिथे सापडणार नाही. राज्य पोलिसांच्या कुटुंबासाठी काही करायचं असेल तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या कल्याण शाखेत विचारा, किंवा कुटुंबाच्या संमतीने थेट त्यांच्या खात्यात भरा.

मोठी घटना घडली की मोबाइलवर क्यूआर कोड फिरू लागतात. कुटुंबाकडून किंवा खात्याकडून खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका आणि तो संदेश पुढेही ढकलू नका. हुतात्म्याच्या नावाने वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या, हिशेब लिहून ठेवा आणि कुटुंबाला दाखवा. डबा फिरवणं टाळा.

पैशांपेक्षा पुष्कळदा कागदांची मदत जास्त लागते. पेन्शनचे कागद, विमा, अनुकंपा नोकरीचा अर्ज, वारस दाखला, पोलीस वसाहतीतलं घर सोडायची मुदत, मुलांचे प्रवेश. पहिलं वर्षभर ती बाई या खिडकीतून त्या खिडकीत फिरत असते. तुमच्यात कुणी निवृत्त कारकून, वकील, बँकेतला माणूस असेल तर त्याने महिन्यातून एकदा जाऊन "काही अडलंय का?" एवढं विचारावं. तिची हरकत नसेल तर तहसीलला सोबत जावं.

आठवं पाऊल: बाकीचं वर्ष

कॅलेंडरवर तीन तारखा लिहा. त्या माणसाचा मृत्युदिन, त्या दिवशी घरी एक फोन. २ ते ८ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा रेझिंग डे सप्ताह. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, त्याची ही आठवण. त्या आठवड्यात पोलीस ठाणी शाळांसाठी खुली असतात, शस्त्रं पाहता येतात, बोलता येतं. मुलांना तिथे न्या आणि जिवंत पोलिसांनाही ओळखू द्या. तिसरी तारीख २१ ऑक्टोबर.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात एक वही करा आणि ती शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. तिच्यात पडताळलेली माहिती, कुटुंबाने हो म्हटलेला फोटो, कुणाला कोणत्या पत्त्यावर आमंत्रण द्यायचं, मुख्यालयात कुणाशी बोलायचं, काय चुकलं, काय घरच्यांना आवडलं नाही, हे सगळं लिहा. मुख्याध्यापक बदलतात, मंडळाचे अध्यक्ष बदलतात. वही नसेल तर दर तीन वर्षांनी कुणीतरी पुन्हा त्याच आईला जाऊन "तुमचा मुलगा कोण होता?" असं विचारतो. वहीचं पहिलं पान पुढच्या माणसासाठी ठेवा आणि त्यावर लिहा: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोलीस ठाण्यात जाऊन यंदाच्या यादीत आपल्या तालुक्यातलं कुणी आहे का ते विचारावं, त्यानंतर घरी जावं, आणि होकार आल्यावरच पत्रिका छापावी.